हरकती व सूचना

सुनावणी गावदेवीच्या मागच्या मंडपात.
परवाच इथे मढव्यांची हळद झाली,
खांबांवर झेंडू अजून लटकतोय, करपलेला.
मी तहसीलची कारकून, टेबलाच्या डाव्या टोकाला.
समोर दोन रजिस्टरं, एक हरकतींचं, एक पाठिंब्याचं,
आणि इतिवृत्तासाठी कोरे ताव.

साहेब बोलले ते मी लिहिलं :
अस्त्रांचं आयुर्मान संपत आलं आहे.
नूतनीकरण अपरिहार्य.
त्यासाठी खाडीकडची एकशे बारा एकर,
आणि तोडल्या जाणाऱ्या तिवरांच्या बदल्यात
जालन्यात झाडं.
अणू हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही.

पोसूबाई भोईर आयुर्मानाशी अडली.
उठली, पदर खोचला.
"म्हंजे यो बॉम पन म्हातारा झाला?"
मंडप हसला.
"एका अर्थी, हो," साहेब म्हणाले.
"मंग जाऊदे ना त्याला.
आमचा म्हातारा नाय का गेला?
कोनी नूतनीकरन केला त्याचा?"

मी लिहिलं :
वयोवृद्ध महिलेने तांत्रिक शंका उपस्थित केली.

हरेश्वर वैती, एकतीस वर्षं आत, फिटर.
त्यांनी तळहात पुढे केला, त्यावर काही ठेवलेलं असल्यासारखा.
"एक रिंग बनवायचो. एवढी.
दोन शतांश मिलिमीटर चुकली की परत.
ती कशात बसते, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
त्या रिंगेवर माझ्या दोन्ही मुली शिकल्या.
होऊ द्या वाढ. आपण नाही केली म्हणून
शेजारचा थांबणार आहे का?"
माझे बाबाही आतच होते.
घरी आल्यावर फक्त कॅन्टीनच्या भाजीबद्दल बोलायचे,
आज दुधी होता, आज पुन्हा दुधी.

सेक्टर सतराच्या करमरकर बाईंनी नकाशा आणला होता,
त्यावर कंपासने काढलेली वर्तुळं.
पहिलं शाळेपाशी संपत होतं,
दुसरं खाडी ओलांडत होतं,
तिसरं कागदात मावलं नव्हतं.
मागून कुणी ओरडलं,
"फ्लॅटचा रेट पडंल म्हनून आलाव!"
बाई लाल झाल्या. म्हणाल्या, "तेही आहे."
हे मी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

मग धर्मा तांडेल :
"मागल्या येलेला शेता घेतली,
तवा साडेबारा टक्के देतो बोलले.
या येलेला कशाचे साडेबारा?"
साहेबांनी फाईल चाळली.
"उजेडाचे," कोपऱ्यातून एक पोरगा म्हणाला.
या वेळी कोणी हसलं नाही.

अकरा वाजले आणि भोंगा झाला.
पहिल्या सोमवारचा, चाचणीचा.
गावात त्यावर कुकर उतरवतात.
एकही मान वळली नाही, एक कुत्रं उठलं नाही.
साहेबांचा हात मात्र बाटलीवरच थांबला,
डोळे दाराकडे, ओठ किंचित उघडे.
नवीन बदली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.
भोंगा थांबेपर्यंत
एवढ्या मंडपात तेच एकटे
विषयावर होते.

शेवटी तेजेंद्र भोईर आला, पोसूबाईचा नातू,
टर्नरचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून, छातीशी धरून.
पाठिंब्यात सही केली. चारशे जागा निघणार आहेत म्हणे.
पेन खाली ठेवलं,
लांब तिसऱ्या रांगेत आजीकडे पाहिलं,
पेन पुन्हा उचललं
आणि हरकतींतही केली.
तीच सही, भोईरच्या र ची तीच शेपटी.
"चालतं ना, मॅडम?"
मी म्हणाले, "सुकू दे शाई."

आता संध्याकाळ. ताळा घेते आहे.
पाठिंबा एकशे त्रेचाळीस. हरकती शहाण्णव.
हजर दोनशे अडतीस.
एक माणूस जास्त भरतोय.
उद्या वरून फोन येईल, जुळवा म्हणून.
वैती असते तर म्हणाले असते, परत.

खोडरबराने शाई जात नाही.
मंडपवाला कनाती सोडवतोय,
माझ्यापाशी येऊन उभा राहिलाय,
विचारतोय, ताई, ही खुर्ची नेऊ का.