उलटं कोरलेलं

शिझुओकात छत्तीस वर्षं मी साचे कोरले.
पोलादात खड्डा पाडायचा, म्हणजे प्लास्टिकवर उंचवटा;
पोलादावर धार ठेवायची, म्हणजे तिथे चीर.
डावं ते उजवं. बाहेरचं ते आत.
सुमिए म्हणायची, तुम्ही चहासुद्धा उलटाच पिता,
आधी गार होऊ देता
आणि मग फुंकता.

विमानं कोरली, रणगाडे कोरले, एक किल्ला,
आणि एकदाच हे अंतराळयान,
जे कुठल्याच आभाळात नव्हतं,
त्यामुळे चुकलं तरी ताडून कोण पाहणार?

जोडलं मात्र एकही नाही.
एक साचा गेला की दुसरं पोलाद टेबलावर.
आचारी घरी येऊन लोणचं-भात खातो, तसंच.

आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी
आबे नदीपलीकडच्या दुकानात तो खोका दिसला,
कोपरे चेपलेले,
किंमत माझ्या तेव्हाच्या अर्ध्या पगाराएवढी.
गल्ल्यावरचा ताइगा म्हणाला, आजोबा, जुना साचा आहे हा,
सांधे बसत नाहीत, लांबी भरावी लागेल बरीच.
ठाऊक आहे, मी म्हटलं.
जरा घुश्शातच म्हटलं.

पण खरंच नाही बसत.
पोटाचे दोन्ही अर्धे जुळवले, कपड्यांचे चिमटे लावले,
सांध्यावर ब्रश टेकवला, द्रावण आपसूक धावत गेलं,
आणि तरी नाकाशी फट, नख जाईल एवढी.
पंचेचाळीस वर्षं मी याचं खापर
दाबयंत्रावरच्या पोरांवर फोडत आलो.

मग सव्विसावा भाग. उजवी कूस.
रिबिटांच्या ओळी, बारा-बाराच्या,
आणि तिसरीच्या खाली
एक तेरावं, एकटंच.

त्या रात्री कारखान्यात फोन वाजला होता.
ड्रिल हातात, मी दचकलो, टोक टेकलं.
मुलगी झाली, पलीकडून कुणी सांगत होतं,
पायाळू आहे, वेळ लागला, दोघी ठीक.
खड्डा बुजवायला हवा होता.
मी टोपी घेऊन पळालो.
सकाळी साचा गाडीत चढला, आणि मी गप्प राहिलो.

आज सहाशे नंबरचा पॉलिशपेपर भिजवून घेतला.
चार हात मारले असते की गेलं असतं.
घासण्याआधी, सवयीनं, कागद पाहिला.

जोडणीच्या चित्रात ते होतं.
हामागुचीनं इमानानं काढलेलं, ठिपक्याएवढं,
त्याला काय ठाऊक, नग समोर ठेवून तो रेघा ओढायचा.
मग खोक्याचं झाकण दिव्याखाली धरलं.
तिथे तर ते पिवळं होतं.
अख्खं जहाज काळ्या अंधारात,
आणि त्या कुशीत एक खिडकी, उजेड असलेली,
आत कुणीतरी जागं.
त्या चित्रकाराला मी कधी भेटलो नाही.
वरच्या मजल्यावर बसायचा म्हणे,
खोकायचा फार.

राखाडीचे दोन हात दिले.
चिरांमधून पातळ काळा सोडला, बोळ्यानं पुसला,
तेव्हा माझीच रेघ न् रेघ वर आली,
सुलटी. अशी मी ती पहिल्यांदाच पाहत होतो.
कोमट पाण्यात आकडे सुटे केले,
सातचा आकडा फाटला. राहू दे.
सगळ्यात शेवटी, दातकोरणीच्या टोकावर
पिवळा, एक थेंबसुद्धा नाही.
श्वास धरावा लागला.

रविवारी चिनात्सु आली.
चष्मा कपाळावर सरकवून तिनं यान जवळून पाहिलं.
बाबा, नाकाशी फट दिसते अजून, म्हणाली.

दिसते खरी.
मी यान थोडंसं फिरवलं,
उजवी कूस तिच्याकडे केली,
आणि चहा गार होण्याची वाट पाहत बसलो.