नवतपा

सोनेगावचा पारा पंचेचाळीस पूर्णांक आठ.
मानेवाड्यातल्या आमच्या गल्लीत
दहा वाजले की एकामागून एक कूलर सुरू होतात,
आमचाच तेवढा बंद.

"काहून वो सिस्टर, बिघडला का कूलर?"
गच्चीवर कुरड्या उलटवत बोरकुटे काकू.
हो ना, मी म्हणते, पंप गेला.

पंप गेलेला नाही.

पंप सुरू झाला की पाणी वर चढतं,
ताट्यांतून झिरपत खाली टाकीत पडतं
बुडबुड बुडबुड
आणि मी वॉर्डात असते.
तीस खाटा, भिंतीवर तीस बाटल्या,
प्रत्येकीत पाणी उकळल्यासारखं.
आम्ही पाठमोऱ्या उभ्या राहून सांगायचो,
सोळाचा फ्लो वाढलाय, नऊचा मंद झालाय.
रामटेके म्हणायचा, सिस्टर,
तुम्ही तर तबला शिकाले पायजे होता.

रामटेके आता बुटीबोरीला एका गोदामात असतो.
फोन केला तर उचलतो.
मागे फोर्कलिफ्टचा आवाज येत राहतो,
मग ठेवतो.

बावीस नंबरचा माणूस काटोलचा होता.
सव्वातीनला गेला.
त्याची बाटली मात्र बुडबुडतच होती
वीस मिनिटं, कदाचित जास्त.
मी अकराच्या छातीवर दोन्ही हात देऊन,
रामटेके सिलिंडर ओढत जिन्यात,
कॉक बंद करायला
मोकळा हातच नव्हता कुणाचा.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
यात सांगण्यासारखं काय आहे,
एक बाटली बंद करायची राहून गेली.

वॉर्ड रिकामा झाल्यावर एक फॉर्म आला होता.
मागच्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा
झोप लागली नाही, रडू आलं, कशात मन लागलं नाही.
कधीच नाही, काही दिवस, जवळजवळ रोज.
इन्चार्ज सिस्टर समोर बसून गोळा करत होत्या.
मी नऊच्या नऊ ओळींत कधीच नाही केलं.
खिशातलं तेच निळं पेन,
ज्यानं तेव्हा वेळा लिहायची.
अक्षर चांगलं आलं.

प्रमाणपत्रही मिळालं, जाड पुठ्ठ्याचं, सोनेरी काठाचं,
आणि संत्र्याची बर्फी.
बर्फी ह्यांनी दोन दिवसांत संपवली.
पुठ्ठा खिडकी आणि कूलरच्या फटीत बसवलाय,
डास येत नाहीत.

परवा रात्री मात्र ह्यांनी ऐकलं नाही.
"पोरीच्या अंगावर घामोळं आलंय," म्हणाले, आणि बटण दाबलं.
मी भिंतीकडे तोंड करून
मनातल्या मनात खाटा मोजत पडून राहिले.
अडीचला लाइन गेली.
पाणी थांबलं.

मी उठून उभी.
अंधारात भिंत चाचपत होते, फ्लोमीटर सापडेना,
हाताला स्विचबोर्ड लागला, कॅलेंडर लागलं,
देवळीतली अगरबत्तीची राख लागली.
मग मोबाइलचा उजेड पोरीच्या नखांवर धरला.
गुलाबी.
पुन्हा पाहिलं. गुलाबीच.
आणि तिनं झोपेतच, डोळे न उघडता,
उजव्या हाताचं पहिलं बोट
माझ्यापुढे सरळ धरलं,
चिमटा लावायला.

सहा वर्षांची आहे.

सकाळी बोरकुटे काकूंनी नईमला पाठवला.
मी नको म्हणेपर्यंत त्यानं ताटी उघडली होती.
पक्कड, वायर, पुन्हा वायर.
पंप चालू केला, कान लावून ऐकला,
मग माझ्याकडे पाहिलं.
मी दाराची चौकट धरून उभी होते.

"पंप तर बराबर हाय, ताई."
थोडा थांबला.
"आवाज येते. पाण्याचा हाय तो, येणारच."

पैसे घेतले नाहीत. म्हणाला, कामच कुठं केलं?
जाताना पंपाचं बटण त्यानंच बंद केलं,
पंख्याचं तसंच ठेवलं.

आता नुसता पंखा लावते.
लू आत येते, पडदा अंगावर येतो,
पोरगी ओल्या टॉवेलवर झोपते.
नवतप्याचे अजून पाच दिवस.