गादी

कोल्हापुरात गादी म्हटलं की
लोक राजवाड्याकडं बघतात.
आमच्या घरी गादी म्हणजे अण्णांची,
चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली,
सरकलेली.

एकतीस वर्षं कोल्हापूर–गगनबावडा.
पाटे बसलेल्या एसट्या, डाव्या मांडीला इंजिनाची धग,
आणि निवृत्तीला मिळालेलं घड्याळ
जे रोज पाच मिनिटं मागं पडतं.
पंधरवड्याला मी त्यांना रिक्षातनं डॉक्टरकडं नेतो
(आमच्यात बायाही नेतोच म्हणतात)
आणि राजारामपुरी येईस्तोवर
अण्णांचे ओठ पांढरे.
म्हणून गाडी.

शिकलगारांचा तौफिक आधी सगळ्यात वरचं मॉडेल उघडतो.
छताला काच. माझा पार्श्व तिच्यातनं मुंडी काढून
शोरूमचे पंखे मोजतोय.
सतरा इंची चाकं, काळी, चकचकीत.
मी खाली बसून टायरची जाडी बोटांनी मोजतो:
चार बोटं आणि एक नख.
"ह्याच्या खालच्याला?"
"पंधरा इंची, मॅडम. जाड टायर. पण लूक..."
लूक मणक्याला दिसत नाही, तौफिक.

आमचे हे उद्यमनगरात लेथवर असतात.
काल जेवताना भाकरी मोडत म्हणाले,
स्प्रिंग मऊ बघ, पण डुलणारी नको.
धक्का एकदाच यावा
आणि जागेवर मरावा.
दुसऱ्यांदा उठला तर ती गाडी नव्हं, पाळणा.
एवढंच बोलले. मग आमटी मागितली.

डिझेल आधी चालवली.
सिग्नलला थांबलं की सीट बारीक थरथरते,
देवळात घंटा वाजून गेल्यावर दोरी थरथरते तशी.
मला नको वाटलं. अण्णांना आवडलं.
"जिवंत हाय का मेलंय, कळतंय तरी."
पेट्रोल थांबली तसं मागनं विचारलं,
"बंद पडली?"
पुढच्या सिग्नलला परत, "बंद पडली?"

तौफिक म्हणाला, हायवेला घेऊ या, मॅडम.
हायवेला सगळ्याच गाड्या गुणाच्या.
मी सरळ गावाच्या पलीकडं, फुलेवाडी रिंगरोडला घेतली.
उसाच्या डबल ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या,
वर सांडलेली खडी, खाली काय ते देवाला ठाऊक.
तौफिकनं वरचं हँडल धरलं.
आरशात अण्णा.
अण्णांना आरशात मी कधी बघितलंच नव्हतं;
लहानपणी केबिनच्या जाळीमागनं
त्यांची मान तेवढी दिसायची.

पहिला खड्डा. गाडीनं गिळला.
दुसरा खोल होता, धप्प झालं, पण तिथंच संपलं.
अण्णांचा उजवा पाय
रिकाम्या मॅटवर ब्रेक दाबत होता,
दर खड्ड्याच्या आधी, बरोबर वेळेवर.
ओठ मात्र ओठांच्याच रंगाचे.

बालिंग्याच्या अलीकडं म्हणाले, थांबीव.
मला वाटलं, दुखलं.
खिडकीबाहेर बघत बसले. एक ट्रॅक्टर गेला, मग दुसरा.
"शेवटच्या बाकावरची माणसं बोंबलायची गं.
'ओ डायवर, हाडं खुळखुळी झाली!'
मला वाटायचं, सवयच असती एकेकाला.
एक बाई होती, कळ्याची, पोटुशी.
तिला मी म्हटलेलो, मागं जागा हाय, बस की."

तौफिकनं एसी उगाच कमी केला.
मी गाडी चालू केली. आवाज आलाच नाही.
ह्या खेपेला अण्णांनी विचारलं नाही.

मधलं मॉडेल घेतलं. पेट्रोल, पंधरा इंची.
वाचलेल्या सव्वा लाखात पार्श्वची छताची काच गेली,
तो दोन दिवस बोलला नाही.
रंग अण्णांनी सांगितला,
लाल सोडून कुठलाबी.
सही करताना मी तौफिकला म्हटलो,
हवा छत्तीस भरून देऊ नका,
तीसच ठेवा,
मागं माणूस बसणार आहे.