काळं म्हणजे आरपार

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत,
सहा जणांच्या खोलीत मला वरचा पलंग.
छत इतकं जवळ की उठताना
आधी मान वाकवायची, मग वार आठवायचा.

टेबल नाही. टेबलाची जागा भाड्यात येत नाही.
तीन वर्षं मॉनिटर पायांशी उभा होता,
चोवीस इंची, घडी घातलेल्या लुंगीवर,
आणि मी उशीला टेकून
ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांचे व्हिले आखायचो.

समोर, खालच्या पलंगावर गुलरेझ.
चार वाजता टॅक्सी काढायची म्हणून नऊलाच आडवा.
माझ्या उजेडाबद्दल तो एक शब्द बोलला नाही.
फक्त भिंतीकडे वळायचा,
आणि त्याच्या पलंगाची स्प्रिंग
त्याच्या वतीनं बोलायची.

म्हणून हा चष्मा. बर दुबईतून, रोख पैसे मोजून.
कानामागून एक वायर लॅपटॉपात उतरते
आणि हवेत एकशेवीस इंचांचा पडदा उभा राहतो,
ज्याचा कवडसाही कुणाच्या पापणीवर पडत नाही.

खरं सांगायचं तर कडेची अक्षरं पुसट येतात.
इंग्रजी तीन आणि आठ जुळ्या भावांसारखे.
नीट बघावं म्हणून मान वळवली
तर पडदाही वळतो, हट्टी पोरासारखा;
मी कुशीवर झालो की
आख्खा व्हिला स्विमिंग पुलासकट कुशीवर.
नाकावर दोन लाल खुणा उमटतात.
ऑफिसात मरिवीक विचारते,
रात्री रडलास का मुकादम?

पण एक गोष्ट दुकानदारानं सांगितली नव्हती.
या काचेत काळा रंग नसतोच.
काळं म्हणजे आरपार.
आणि आमचं सगळं ड्रॉइंग काळ्यावरच:
पांढऱ्या भिंती, पिवळी दारं,
हिरव्या रेषेनं जाणारं सांडपाणी.

रात्री कुणी बाथरूमचा दिवा लावला
की व्हिल्यातून आमची खोली वर येते.
मजलिसच्या मधोमध शिनोजची दोरी,
दोरीवर तीन बनियन.
पाहुण्यांच्या न्हाणीघरात टेकबहादुर,
पांघरुणाबाहेर त्याचा एक तळवा.
आणि मास्टर बेडरूमची भिंत
थेट गुलरेझच्या कानावरून.

मी ती तीनशे मिलिमीटर सरकवली.

सोमवारी इंजिनिअरनं विचारलं,
ही भिंत का हलली?
चुकून, म्हटलं.
पुन्हा होती तिथे ठेवली, आणि दिवसभर
एक कान दुखत राहिला. माझाच.

चौथ्या की पाचव्या रात्री
वॉर्डरोबच्या काळ्या चौकोनात दोन डोळे दिसले.
उघडे.
चष्मा काढला. तरी होतेच.

झोप नाही?
नाही.
एसी वाढवू?
एसी ठीक आहे.
मग बराच वेळ तो काही बोलला नाही.
खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं,
तिची टी-टी-टी थांबल्यावर म्हणाला,
तुझा उजेड कुठे गेला, यार?
तीन वर्षं त्याच्याकडे पाठ करून झोपलो.
आता पाठ कुणाकडे करू?

पलंगाखालून मॉनिटर काढला.
लुंगीची पुन्हा घडी केली, पायांशी उभा केला.
वायर एकच, विजेची. दुसरी कशाला जोडायची?
नवे मॉनिटर असे सोडले तर झोपी जातात.
हा जुना. हा जागाच राहतो,
निळ्या चौकटीत 'सिग्नल नाही' लिहून
ती चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत.

समोर स्प्रिंग वाजली. गुलरेझ भिंतीकडे वळला.

मी चष्मा चढवला, राहिलेला जिना घेतला.
पायऱ्या मोजता मोजता पाहतो तर
व्हिल्याच्या अंधाऱ्या दालनांतून
मी न आखलेलं काहीतरी निळं
भिंतींना न जुमानता
हळूहळू फिरतंय.