हातचा

प्रस्तावाच्या नवव्या पानावर एक रकाना आहे:
आपल्या कार्यामागची प्रेरणा, शंभर शब्दांत.
पुरावे जोडावेत.

रात्रीचे साडेअकरा. धायरीत आज टँकर उशिरा आला,
बादल्या भरून झाल्या,
आणि ओल्या हातांनी मी
प्रेरणेचे पुरावे शोधते आहे.

स्वतःचा अर्ज स्वतःच करायचा,
स्वतःच लिहायचं की मी निःस्वार्थ आहे,
मग त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्यायची, गोल शिक्क्यासह.

मागच्या वर्षी उपासनी सरांना मिळाला पुरस्कार.
एकशे बारा पानं, स्पायरल बाइंडिंग
अप्पा बळवंत चौकातून.
शाल आता त्यांच्या स्कूटरची सीट पुसते,
श्रीफळाच्या वड्या स्टाफरूममध्ये वाटल्या.
छान झाल्या होत्या. वेलची जरा जास्त.
आणि मला हेवा वाटला,
दुसरी वडी उचलताना वाटला.

तेव्हा आधी हे लिहून टाकावं:
एक तारखेचा बँकेचा मेसेज मला आवडतो.
शिक्षकाने समाधानावर जगावं म्हणणाऱ्यांनी
समाधान देऊन वाण्याकडून तूरडाळ आणून दाखवावी.
सात वर्षं घड्याळी तासावर शिकवलं मी.
ताशी किती, ते सांगत नाही.
रिक्षाचं मीटर पडताना
मी दुसरीकडे बघायचे, एवढं पुरे.

पण तेव्हाही शिकवतच होते.
वाईट नव्हते शिकवत.
मग तेव्हा काय होतं?
हा प्रश्न रकान्यात मावत नाही.

जनता वसाहतीच्या तोंडाशी आमची शाळा, दुपारची.
तिसरी ब, सत्तेचाळीस पोरं, अडीच पंखे
(एक मनात येईल तेव्हा फिरतो).
जोया शिकलगार, दुसरा बाक, खिडकीकडून.
अठ्ठावीस अधिक सदतीस?
पाचशे पंधरा.
दिवाळीच्या आधी पाचशे पंधरा, संक्रांतीला पाचशे पंधरा.
काड्यांचे गठ्ठे करून झाले, चिंचोके झाले,
दशकाचं घर, एककाचं घर फरशीवर खडूने आखलं,
त्यात पोरांनी लंगडी घातली.
रागावले मी. एकदा जास्तच.
त्या रात्री नीट झोप नाही.

आणि परवा, मंगळवारी,
आठ आणि सात पंधरा, पाच खाली लिहिला तिने,
आणि थांबली.
डावी मूठ मिटली. घट्ट.
म्हणाली, बाई,
हा एक सांडायचा नाही ना
शेजारच्या घरात जाईपर्यंत?

मी काहीच बोलले नाही.
बोलले असते तर सांडला असता.

पासष्ट.

फोटो नाही.
फोन माझ्या हातात होता खरा,
पण त्यावर हजेरी चढत नव्हती, चाक फिरत होतं नुसतं.
साक्षीदार म्हणावं तर तिच्या बाकावरचा साहिल नाणेकर,
तो तेव्हा शाईने दात रंगवत होता.

मधल्या सुट्टीत ती नळावर, एका हाताने पाणी पिताना.
अगं, दुसरा हात?
अजून एक आहे बाई, म्हणाली. मूठ बंदच.

बुधवारी पुन्हा पाचशे पंधरा लिहिलं.
बघितलं. खोडलं. कागद थोडा फाटला.
मी पाठ फिरवून फळा पुसत राहिले,
पुसलेलाच फळा.

घरी येताना बसमध्ये उभीच होते.
कंडक्टर सुट्टे पुढे करून खोळंबलेला,
शेवटी पुणेरी सुरात म्हणाला,
मॅडम, मूठ उघडलीत तर देतो.

तर: रकाना.
आत्तापर्यंत अकरा शब्द झालेत,
त्यातले चार खोडलेत.
शुक्रवार शेवटची तारीख.
उद्या कार्यालयात जाणारच आहे,
तेव्हा फरकाचा चौथा हप्ता कधी,
तेही विचारून घेईन.