बॅटरीचं पाणी

बी आलं तेव्हा मी श्वास धरून पाकीट उघडलं.
चिमूटभर काळी पूड,
शिंक आली असती तर सगळं संपलं असतं.
मातीनं झाकायचं नाही म्हणे, वरच भुरभुरायचं.

पहिली खेप बोअरच्या पाण्यानं मेली.
उदगीरचं आमचं पाणी असं,
गिझरच्या कॉइलवर बोटभर खडू चढतो.
दुसरी मेली माझ्या लाडानं.
चमचाभर शेणखत, दुसरं काही नाही.
ज्या काळ्या रानात तुरीत शिरलेला माणूस दिसत नाही
ती माती याला विष.
याला पाहिजे धुऊन धुऊन चव गेलेली वाळू,
नारळाचा भुसा,
आणि ज्यात काहीच नाही असं पाणी.

तसलं पाणी माझ्याच दुकानात होतं,
पाच लिटरच्या कॅनांत, काउंटरखाली.
बावीस वर्षं विकलं बॅटऱ्यांसाठी.
कुणाला त्याची तहान असेल
हे डोक्यात आलं नाही.

महानंदा म्हणाली,
"आपल्या घरात अंडं येत नाही,
अन् खिडकीत हे माशा खायलंय."
मातीत काही मिळत नाही म्हणून खातं, मी म्हटलं.
"मग चांगल्या मातीत लाव की."
मी दोन रिकाम्या कुंड्या दाखवल्या.

तांबूस केस, प्रत्येक टोकाला एक थेंब.
दव म्हणतात त्याला, पण ऊन चढलं तरी उडत नाही.
चिलट टेकतं, पाय उचलू बघतं,
आणि पान मिटत जातं
झोपेत मूठ वळावी तसं.
मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मान फिरवली.

एप्रिलात थेंब गेले.
केस कोरडे, बिनतेलाचे.
ओलं गोणपाट खिडकीला, बशीत दोन बोटं पाणी.
लाईट गेलेली, इन्व्हर्टर खांद्यावर घेऊन उभा जमीर
बघत राहिला.
"अप्पा, मला म्हणालात पाणी संपलंय."
मी काय बोलणार.

आषाढात एक दांडी निघाली, वीतभर,
टोकाला शर्टाच्या बटणाएवढं पांढरं फूल.
सकाळी दहाला उघडलं, जेवणं होईतो मिटलं.
"एवढ्याशा जीवाला एवढी उंच दांडी कशाला?"
फुलावर येणारी माशी खाली चिकटू नये म्हणून, मी म्हटलं,
असावं बहुतेक.

महानंदा काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर
एका कॅनवर तिच्या हातची चिठ्ठी:
हा विकायचा नाही.