डावीकडे अधिक

माझ्या गाडीला इथे सगळे बुखान्का म्हणतात,
म्हणजे पावाची लादी. दिसतेही तशीच,
करडी, बोथट कोपऱ्यांची, आणि खरंच
सत्याऐंशी सालापासून पावच वाहते.
आधी सरकारी बेकरीचा, आता माझा.

तीन सकाळी ती नुसती खाकरली.
चौथ्या सकाळी खाकरलीही नाही.
एकशे चाळीस पाव तिच्या पोटात निवत गेले
आणि खालच्या गावातली शाळा
त्या दिवशी नुसत्या चहावर भरली.

म्हणून शेजाऱ्याच्या ट्रकमधून नारिनला गेले,
मेलेली बॅटरी पायांशी,
खिशात लोकरीचा दोरा.
दोऱ्याला तीन गाठी: सीटखालच्या कप्प्याची
लांबी, रुंदी, आणि झाकणापर्यंतची उंची.

झानिबेकचं दुकान म्हणजे जुना कंटेनर.
दारातच म्हणाला, "नव्वदची घे, एजे.
सीलबंद आहे. जन्मात पाणी मागणार नाही."
मी दोरा लावला.
बॅटरी दोन बोटं पुढे गेली.
"मग कप्पा काप," तो म्हणाला.
अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मला ठाऊक होतं,
हा तर भिंतच पाडायला सांगत होता.

दुसरी बसली, गाठीला गाठ.
पण तिचं अधिक उजवीकडे,
आणि माझ्या गाडीचं डावीकडे.
"वायर ताण थोडी."
ती वायर, बाबा, माझ्या आईच्या गुडघ्यासारखी झालीय.
वळते तेवढीच वळते,
पुढे नेली तर ओरडते.

कोपऱ्यात सापारअली चहा पीत होता,
बस डेपोतला जुना इलेक्ट्रिशियन,
भुवयांवर अजून बाहेरचा बर्फ.
त्याने मला किंमत विचारली नाही. विचारलं,
"जनरेटर कुठला?"
जुनाच.
"किती देतो?"
पावणेचौदा. दिवे लावले की साडेतेरा.
"मग ही सीलबंद पोरगी तुझ्या घरी उपाशी राहील.
तिला साडेचौदा लागतात.
रोज अर्ध्या पोटी उठेल, कोणाला सांगणार नाही,
आणि मार्चमध्ये एकदम जाईल."

मला वाटलं, हे बॅटरीबद्दलच आहे ना?
विचारलं नाही.

त्याने खालच्या फळीवरून एक ओढली.
साठची. काळी. माथ्यावर सहा बुचं,
आमच्या लहानपणी असायची तशी.
"हिला अधूनमधून पाणी पाजावं लागेल,
पण मिळेल तेवढ्यात भागवते."
फुंकर मारून धूळ उडवली, शिक्का वाचला:
सप्टेंबर. याच वर्षीचा.
"फळीवर दोन हिवाळे झोपलेली घेऊ नकोस कधी."
मग मोठा आकडा अंगठ्याने झाकला
आणि लहान अक्षरांतला, थंडीतला, दाखवला.
मीटर लावला. बारा सहा.

झानिबेक जरासा रुसला.
माझी जुनी काट्यावर ठेवली,
शिशाचा भाव किलोवर,
सात हिवाळ्यांचे सोळा किलो भरले.
दोरा मात्र मी परत मागून घेतला.

रात्री इंजिन बंद केलं, दहा नंबरचा पाना घेतला,
आणि नवी बॅटरी घरात आणली,
इथे सगळेच आणतात.
चुलीपासून हातभर लांब, पोत्यावर.
पलीकडे कालच जन्मलेलं कोकरू.
आयपेरी दोघांकडे बघत बसली,
मग म्हणाली, आई, यातलं आधी कोण उठेल?
मी म्हटलं, तू झोप.

चार वाजता उठले.
कोकरू आधीच उभं होतं, चार दिशांना चार पाय.
बॅटरी पोटाशी धरून अंगणातून नेली,
नाकातला श्वास मिशीसारखा गोठला.
पाना इतका गार की हातमोज्याला चिकटला.

आधी अधिक जोडायचं, मग उणे,
सापारअलीने दोनदा सांगितलं होतं.
अधिक जोडलं, डावीकडे, वायर न ताणता.
उणे तर बाहेर होतंच,
एकतीस.
त्यातलंच थोडं घेतलं, नट आवळला,
आणि किल्ली फिरवण्याआधी
उगाचच मागे वळून पावांकडे पाहिलं.